विष, खबर आणि सोलापुरी: माल विकणाऱ्या शब्दांची गोष्ट

(या भागाचं लेखी रूप. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)

हेडफोन नीट लावलेत ना? गाडीवर असाल तर काढून ठेवा, घरी जाऊन ऐका.

मागच्या महिन्यात बऱ्याच जणांचे मेसेज आले. कुणाच्या आईची शेंगा चटणी आहे, कुणाचं टॉवेलचं युनिट आहे, कुणी नुकतंच इन्स्टावर पेज काढलंय. सगळ्यांचा प्रश्न एकच: "कॅप्शनमध्ये काय लिहू? माल विकेल असा शब्द सांग की." तसे याद्या देणारे पुष्कळ आहेत. 'लिमिटेड', 'ओरिजिनल', 'शेवटचे काही पीस' असे शब्द कुठंही मिळतील. मला यादी द्यायची नाही. मला तुम्हाला शंभर-सव्वाशे वर्षं मागं न्यायचंय, कारण आपल्याच भागात हा प्रश्न फार मोठ्या माणसांनी फार अवघड परिस्थितीत सोडवलाय.

सुरुवात करू एका शब्दापासून. तो शब्द आहे 'विष'.

विसाव्या शतकाची पहिली काही वर्षं. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर नावाचा माणूस लोखंडी नांगर बनवतो. मूळचा चित्रकलेचा विद्यार्थी, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेलेला, पण रंग ओळखण्यात दोष निघाला म्हणून यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळलेला. नंतर मुंबईतल्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायचा. ते सोडलं, बेळगावात सायकलींचं दुकान टाकलं, मग कडबा कापायची यंत्रं केली, मग नांगर. नांगर चांगला होता. लाकडी नांगरापेक्षा खोल जायचा, माती नीट उलटायचा. आणि विकला जात नव्हता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली असं सांगतात.

का? कारण शेतकऱ्यांची समजूत होती की लोखंड मातीत गेलं की जमिनीला विष चढतं.

आता जरा थांबा आणि इंजिनिअरसारखा विचार करा. प्रॉडक्ट चांगलंय, गरज आहे, गिऱ्हाईक समोर आहे. मध्ये फक्त एक शब्द उभाय. आणि तो शब्द वेडेपणाचा नाही. ज्याच्याकडे एकच जमीन आहे, जिच्यावर अख्खं घर जगतं, त्यानं प्रयोग का करावा? फसला तर त्याचं वर्ष गेलं. लक्ष्मणरावांचं फार तर एक गिऱ्हाईक गेलं असतं. जोखीम सगळी घेणाऱ्याची आणि गोड बोलणं सगळं विकणाऱ्याचं, असा तो सौदा होता. आजच्या भाषेत म्हणायचं तर रिटर्न पॉलिसी नव्हती.

इथं 'उत्तम नांगर', 'मजबूत नांगर', 'सर्वश्रेष्ठ नांगर' असं कितीही ओरडलं तरी उपयोग शून्य. कारण शेतकरी 'हा नांगर चांगला आहे का' असं विचारतच नव्हता. तो विचारत होता, 'माझी जमीन मरेल का?' त्याला उत्तर मिळालं ते शेजाऱ्याच्या शेतातून. ज्यानं धाडस करून नांगर घेतला त्याची जमीन मेली नाही, पीक आलं, हे दुसऱ्यानं डोळ्यांनी बघितलं. मग तिसऱ्यानं. आपल्याकडं म्हणतातच, हातच्या काकणाला आरसा कशाला. पण काकण एकाच्या हातात असतं आणि बाकीचे दहा गावं लांब असतात. त्या दहा गावांपर्यंत ते पोचवायचं कसं? इथं शब्दाचं काम सुरू होतं, आणि इथंच गोष्टीत सोलापूर येतं.

१९१० मध्ये बेळगावची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणरावांना औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळची माळरानाची जमीन दिली. तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज सांगली जिल्ह्यात आहे, रेल्वेनं गेलात तर स्टेशनही त्याच नावाचं लागतं. आणि तिथल्या जाहिरातीचं काम ज्यानं अंगावर घेतलं तो लक्ष्मणरावांचा पुतण्या, शंकर वासुदेव किर्लोस्कर. जन्म १८९१, गाव सोलापूर. आपला माणूस! हाही चित्रकार. चित्रांखाली 'शंवाकि' अशी सही करायचा. मराठीत ज्याला खऱ्या अर्थानं 'मार्केटिंगचा माणूस' म्हणता येईल अशा अगदी पहिल्या लोकांपैकी एक, आणि सोलापुरात दहा जणांना विचारा, नऊ जणांना हे माहीत नसतं. वालचंद हिराचंद सोलापूरचे हे कॉलेजच्या पाटीमुळं तरी कळतं. शंकररावांची पाटी मी तरी कुठं बघितलेली नाही.

१९२० मध्ये शंकररावांनी एक छोटं पत्रक काढलं: 'किर्लोस्कर खबर'. कारखान्याची माहिती, मालाची माहिती, शेतकऱ्याच्या उपयोगाच्या गोष्टी. नाव नीट बघा. त्यात 'जाहिरात' हा शब्द नाही. 'खबर' आहे. खबर म्हणजे काय? गावात पाहुणा आला की आपण आधी काय विचारतो? काय खबर? खबर आपण मागून घेतो, जाहिरात आपल्यावर येऊन आदळते. हा फरक त्या एका शब्दात आहे.

आणि आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. १९२१ च्या जनगणनेत भारतात शंभरातले जेमतेम सात जण साक्षर होते. मग छापलेली खबर वाचणार कोण? माझा अंदाज असा की जो वाचणारा होता तो चारचौघांना वाचून दाखवत असणार, जसं केसरीचं होत होतं. म्हणजे शब्द डोळ्यांसाठी लिहायचा नव्हता, कानासाठी लिहायचा होता. मोठ्यानं वाचला तर नीट ऐकू येईल, ऐकणारा तो पुढच्याला तसाच सांगू शकेल, असा. (हो, म्हणजे पॉडकास्टच. फक्त सबस्क्राइब बटण नव्हतं.)

पुढं 'खबर'ची गंमत झाली. पत्रक वाढत गेलं, त्यात लेख आले, गोष्टी आल्या, लोक ते वाचायचं म्हणून घेऊ लागले. सावरकरांची तेव्हा भाषाशुद्धीची मोहीम चालली होती. त्यांनी 'खबर' हा फारसीतून आलेला शब्द आहे म्हणून हरकत घेतली, आणि १९२९ मध्ये मासिकाचं नाव नुसतं 'किर्लोस्कर' झालं. त्याच घरातून १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघालं. नांगर विकायला निघालेल्या कागदातून मराठीतलं एक महत्त्वाचं मासिक-घराणं उभं राहिलं.

मला विचाराल तर 'खबर' जाणं हा तोटाच. शब्द कुठून आला हे विकणाऱ्याच्या कामाचं नसतं, तो ऐकणाऱ्याच्या तोंडात किती रुळलाय हे असतं. पण तोवर 'किर्लोस्कर' हे आडनावच इतकं रुळलं होतं की पुढं 'खबर' लागली नाही, हेही खरं. आणि हो, फारसी शब्द काढायचेच तर सोलापूरकरांची पंचाईत आहे. 'चादर' पण फारसीच आहे!

चादरीकडं येतोच. त्याआधी दोन मिनिटं जरा लांब जाऊ.

शंकरराव किर्लोस्करवाडीत 'खबर' काढत होते त्याच काळात अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्स नावाचा माणूस जाहिराती लिहीत होता. १९२३ मध्ये त्याचं 'सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग' नावाचं छोटं पुस्तक आलं. आज तुम्ही ज्याला ए-बी टेस्टिंग म्हणता ते हा कागदावर करायचा. एकाच मालाच्या दोन जाहिराती, दोन्हींवर वेगळ्या खुणेचं कूपन, आणि जास्त कूपनं कुठून परत आली ते मोजायचं. त्याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. बिअरच्या सगळ्या कंपन्या एकच शब्द ओरडत होत्या: 'शुद्ध'. लोकांच्या कानावरून तो पाण्यासारखा वाहून जात होता. हॉपकिन्स श्लिट्झ नावाच्या कंपनीच्या कारखान्यात गेला आणि बघितलं की पाणी किती खोल विहिरीतून येतं, हवा कशी गाळतात, बाटल्या कशा पुन्हा पुन्हा धुतात. त्यानं हेच लिहिलं. कंपनीवाले म्हणाले, अहो हे तर सगळेच करतात! तो म्हणाला, करतात, पण सांगितलं कुणी नाही.

आपल्याकडंही याच काळात असं घडत होतं. गोदरेजनं पहिल्या महायुद्धानंतर वनस्पती तेलाचा साबण काढला. तेव्हाचे बहुतेक साबण जनावराच्या चरबीचे असायचे, आणि कितीतरी घरांत साबणाला हात न लावण्याचं कारणच ते होतं. आता 'सुगंधी', 'मुलायम' म्हणण्यापेक्षा 'यात चरबी नाही' हे सांगणं किती जड पडतं बघा. नांगराला जसं विष, तशी साबणाला चरबी. गिऱ्हाइकाच्या मनातल्या भीतीला जो शब्द नेमका जाऊन भिडतो, तो विकतो. बाकीचे शब्द शोभेचे.

आता या सोलापुरात.

'सोलापुरी' हा शब्द घ्या. किती साधाय! विशेषण आहे, गावाच्या नावाला ई लावली की झालं. त्यात 'उत्तम' नाही, 'टिकाऊ' नाही, 'ऊबदार' नाही. तरी मुंबईच्या लोकलमधल्या बाईपासून नागपूरच्या आजोबांपर्यंत कुणालाही म्हणा, 'सोलापुरी चादर', त्यांना जाड, सुती, दोन्ही बाजूंनी नक्षीची, वर्षानुवर्षं धुऊन न विटणारी चादर डोळ्यांसमोर येते. असा शब्द कुठल्याही एजन्सीला लिहून मिळत नाही. तो घडवावा लागतो, आणि त्याला पिढ्या लागतात.

कुणी घडवला? रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये आली. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी निघाली, म्हणजे आपली 'जुनी मिल'. मग नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी. पण चादरीचं नाव मुख्यतः गिरण्यांनी केलं नाही. ते केलं हातमागावर आणि नंतर यंत्रमागावर बसलेल्या विणकरांनी, ज्यांतले कितीतरी तेलंगणातून आलेले पद्मशाली. आजही पूर्व भागात साखर पेठेच्या पुढं गेलात की दारादारांत तेलुगू ऐकू येतं. म्हणजे 'सोलापुरी' हा मराठी शब्द जगभर खरा करून दाखवला तो घरात तेलुगू बोलणाऱ्या माणसांनी. जॅकार्डवर मोर, फुलं, वेली चढवल्या, विणीत जाडी ठेवली, रंग पक्के ठेवले. प्रत्येक चादर घरी जाऊन वीस वर्षं टिकली, तेव्हा त्या शब्दाला थोडं थोडं वजन आलं.

आणि शब्द एवढा चालायला लागला की तो चोरीला जातो. हे अगदी ठरलेलं.

पानिपतकडचा स्वस्त माल, कधी मिक्स धाग्याचा, 'सोलापुरी' म्हणून बाजारात येतो ही इथल्या कारखानदारांची कितीतरी वर्षांची तक्रार. तिथला विणकरही पोटासाठीच विणतो, त्याच्याशी आपलं भांडण नाही. भांडण आहे ते वर चिकटवलेल्या शब्दाशी. त्यासाठी कायदा आला: भौगोलिक निर्देशनांचा कायदा, १९९९, अंमल सप्टेंबर २००३ पासून. आपण सगळे त्याला 'जीआय' म्हणतो. देशात पहिला जीआय दार्जिलिंग चहाला मिळाला, २००४ मध्ये. आणि सोलापुरी चादर व सोलापूरचा टेरी टॉवेल यांचे अर्ज देशातल्या अगदी पहिल्या दहांत होते. पैठणी, कोल्हापुरी चप्पल या सगळ्यांच्या आधी. हे फार कमी लोकांना माहितीय आणि आपण त्याबद्दल जरा कॉलर ताठ करायला हरकत नाही.

मग प्रश्न सुटला का? नाही बे.

इथं माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो, कारण सर्चचं काम थोडं मी केलंय. तुम्ही ॲपमध्ये 'सोलापुरी चादर' टाइप करता. मागं काय होतं? प्रत्येक मालाच्या शीर्षकातले शब्द सुटे करून एका मोठ्या सूचीत ठेवलेले असतात, पुस्तकाच्या मागं शब्दसूची असते तशी. 'सोलापुरी' या शब्दापुढं ज्या ज्या मालाचे नंबर आहेत ते सगळे वर येतात. मग कुणावर जास्त टिचक्या पडतात, कोण स्वस्त, कोण लवकर पोचवतो, यावरून क्रम लागतो. या सगळ्यात 'ही चादर खरंच सोलापुरात विणली का?' हा प्रश्न कुठंही येत नाही. शीर्षकात शब्द आहे, एवढं पुरतं. विकणाऱ्यानं तो टाइप केला, झालं. चाटी गल्लीत दुकानदार चादर हातात देतो, तुम्ही ती चिमटीत धरून बघता, उलटी करता, 'अजून दाखवा' म्हणता. फोनवर चिमूट नाही. म्हणून फोनवर शब्दाला दुकानापेक्षा जास्त किंमत आहे, आणि म्हणूनच तिथं तो जास्त चोरला जातो.

बरं, ऑनलाइन विकताना मूळ देश लिहिणं सक्तीचं आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत ते आहे. पण देश! पानिपत असो की अक्कलकोट रोड एमआयडीसी, दोन्हींच्या पुढं 'भारत'च येणार. आणि 'सोलापुरी स्टाइल', 'सोलापुरी टाइप' असं लिहिलं की आणखीच धूसर. कायद्यात 'स्टाइल', 'प्रकार', 'नक्कल' अशा शब्दांसकट रोखणारं जादा संरक्षण आहे, पण ते सरकारनं खास अधिसूचित केलेल्या मालापुरतं. बाकीच्यांना सिद्ध करावं लागतं की गिऱ्हाइकाची खरंच दिशाभूल झाली. कोर्ट, वकील, तारखा. दहा-वीस मागांचा मालक हे करत बसेल की सूत आणेल?

कोल्हापुरी चपलेचं २०२५ चं प्रकरण आठवतंय ना? जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाच्या मॉडेल्सच्या पायांत कोल्हापुरीसारख्या चपला होत्या. कंपनीनं आधी त्यांना नुसतं 'लेदर सँडल' म्हटलं. इथं उलटा खेळ होता. पानिपतच्या मालावर शब्द चिकटवलेला असतो, इथं शब्द काढून टाकला होता. ओरड झाली, मग कंपनीनं महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून मान्य केलं की प्रेरणा भारतीय पारंपरिक चपलांची आहे. जनहित याचिकाही झाली, ती मुंबई उच्च न्यायालयानं जुलैमध्ये फेटाळली. मुद्दा असा की जीआयचा नोंदणीधारक स्वतः यायला हवा. म्हणजे शब्दाचा मालक कोण, हे कागदावर लिहिलेलं असतं, आणि त्यानंच दार ठोठवायचं असतं.

म्हणून ज्यांनी मला 'काय लिहू' विचारलंय त्यांच्यातल्या टॉवेल-चादरवाल्यांना माझं एक सांगणं आहे. जीआयमध्ये दोन गोष्टी असतात. एक, मूळ नोंदणी, जी संघटनेच्या नावावर असते. दुसरी, 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून प्रत्येक उत्पादकाची स्वतंत्र नोंदणी. पहिली झाली म्हणून दुसरी आपोआप होत नाही. तुमच्या घरचं युनिट असेल तर वडिलांना आज रात्री जेवताना विचारा, आपली नोंदणी आहे का. नसेल तर 'ओरिजिनल सोलापुरी' हे कॅप्शन तुमचं आणि पानिपतवाल्याचं सारखंच दिसतं. त्याच्याकडंही 'ओरिजिनल' हा शब्द आहे की!

आणि कॅप्शन लिहिताना हॉपकिन्सची बाटली आठवा. 'प्रीमियम क्वालिटी' खोडा. चादरीचं वजन ग्रॅममध्ये लिहा, कारण जाडी फोटोत दिसत नाही. शंभर टक्के सूत असेल तर तसं लिहा, नसेल तर किती मिक्स ते लिहा. २०१९ च्या ग्राहक कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, तो छोट्या पेजलाही लागू होतो. उलट्या बाजूचा फोटो टाका, दुकानात गिऱ्हाईक आधी तीच बाजू बघतं. पहिल्या धुण्यात रंग जातो का, हे गिऱ्हाईक विचारायच्या आधी सांगा, कारण चादर घेणाऱ्याच्या मनातलं विष तेच असतं. धुऊन वाळत घातलेल्या चादरीचा वीस सेकंदांचा व्हिडिओ हे आजचं शेजाऱ्याचं शेत आहे.

चटणीवाल्यांनी पण हेच धरा. 'सोलापुरी शेंगा चटणी' सगळेच लिहितात. उखळात कुटलीय की मिक्सरमध्ये, तेल वरून घातलंय की दाण्याचं सुटलंय, किती दिवस टिकते, हे लिहिणारा मला अजून सापडायचाय. सापडला तर मी स्वतः ऑर्डर देईन.

ऑफलाइनचंही एक सांगतो. जानेवारीत गड्ड्यावर गेलात तर या वेळी पाळण्यांकडं जायच्या आधी पंधरा मिनिटं विक्रेत्यांजवळ नुसतं उभं राहा. ज्याच्याभोवती गर्दी आहे तो काय ओरडतोय ते ऐका. बहुतेक वेळा तो मालाची स्तुती करत नसतो. तो चाकूनं टोमॅटो कापत असतो, काचेचा ग्लास जमिनीवर आपटत असतो, आणि तोंडानं फक्त किंमत सांगत असतो. त्याला 'खबर' कशी द्यायची हे कुणी शिकवलेलं नाही.

पुढच्या भागात शंकररावांच्या 'स्त्री' मासिकाबद्दल बोलू. १९३० मध्ये बायकांसाठी निघालेल्या मासिकात काय छापायचं, यावर घराघरांत काय वाद झाले असतील ते बघू. तोवर एक काम करा. घरात कपाटाच्या तळाशी जुनी सोलापुरी चादर असेलच, आजीच्या लग्नातली, मामाच्या रुखवतातली. तिच्या कोपऱ्यावर लेबल शिल्लक आहे का बघा. असेल तर फोटो काढा आणि पाठवा, सोबत ती कुठल्या साली, कुठल्या दुकानातून घेतली ते घरच्यांना विचारून लिहा. नाव नको, गाव पुरे.